पावसाळ्यात नीडल डिटेक्टरची निगा

तयार कपड्यांच्या धंद्यात जे बांधव निर्यातीचे किंवा मोठ्या दुकानांचे जॉबवर्क करतात, त्यांच्या कारखान्यात आज शिलाई मशीन आणि प्रेस यांच्या जोडीला आणखी एक यंत्र आलेले आहे. ते म्हणजे नीडल डिटेक्टर. मेटल डिटेक्टरचाच हा एक प्रकार. कपड्यात राहून गेलेला सुईचा तुकडा शोधून काढणे, एवढेच त्याचे काम. कुणाकडे हातात धरायचा लहान असतो, कुणाकडे टेबलावरचा, तर ज्यांचे काम मोठे त्यांच्याकडे पट्ट्यावरून माल सरकत जाणारा. किंमत थोडी नसते. परंतु शिलाई मशीनला दर आठवड्याला तेल घालणारे आपले कारागीर या यंत्राच्या निगेबाबत मात्र बेफिकीर दिसतात. मुंबईत मोसमी पावसाची सर्वसाधारण तारीख ११ जून आणि परतीची ८ ऑक्टोबर. म्हणजे वर्षाचे चार महिने हे नाजूक यंत्र दमट हवेत उभे असते.

आधी या यंत्राची गरज का पडली ते थोडक्यात पाहू. कारखान्यातील शिलाई मशीन मिनिटाला चार-पाच हजार टाके घालते. जाड शिवणीवर, बटणावर किंवा झिपवर सुई आपटली की तुटते. तुटलेले टोक कधी जमिनीवर पडते, कधी कापडाच्या घडीत शिरून बसते. मोठ्या माणसाच्या पँटमध्ये ते टोचले तर तो ओरडेल, काढून फेकून देईल. सहा महिन्यांच्या बाळाच्या झबल्यात राहिले तर त्या बाळाला सांगता येत नाही, ते फक्त रडत राहते. जपानमध्ये सदोष मालाबद्दल उत्पादकाला जबाबदार धरणारा कायदा १९९४ साली झाला आणि १ जुलै १९९५ पासून तो लागू झाला. असे कायदे आणि ग्राहकांची जागरूकता यामुळे परदेशी पार्टी आता माल घेताना सुईची तपासणी झाली की नाही हे आधी विचारते. देशातील मोठी दुकानेही लहान मुलांच्या कपड्यांसाठी हीच अट घालू लागली आहेत.

आता यंत्राची रचना समजून घ्यावी, म्हणजे ओल त्याला कुठे मारते ते कळेल. यंत्राच्या आत तांब्याच्या बारीक तारेची कॉइल असते. कापडातून लोखंडाचा किंवा पोलादाचा कण सरकला की चुंबकीय क्षेत्रात अगदी थोडासा फरक पडतो आणि कॉइलमध्ये अतिशय क्षीण विद्युत लहर उठते. सर्किट बोर्ड ही लहर कित्येक पटींनी मोठी करतो, तेव्हा कुठे घंटी वाजते. कपड्यांच्या धंद्यातील पट्ट्याची यंत्रे बहुधा फक्त चुंबकाला ओढला जाणारा धातू पकडतात. म्हणूनच पितळेचे बटण असलेला कपडा त्यातून निघून जातो. दुसऱ्या प्रकारची यंत्रे सर्व धातू पकडतात. या दुसऱ्या प्रकारात ओला माल ही एक अडचण असते. पाण्यातून, विशेषतः खारट पाण्यातून वीज वाहते, म्हणून ओलसर कापडालाही ती धातू समजून वाजू शकतात.

क्षीण लहर मोठी करणारे हे यंत्र म्हणजे फार तिखट कानांचा माणूस समजा. बोर्डावर ओलाव्याचा पातळ थर बसला की एका तारेची वीज शेजारच्या तारेकडे झिरपते. बल्ब विझावा किंवा पंखा बंद पडावा इतकी ती नसते. पण ज्या यंत्राला सुईच्या टोकाची चाहूल घ्यायची आहे, त्याच्यासाठी ही झिरपणारी वीज म्हणजे भर बाजारातील गोंगाट. यंत्र उगाचच वाजू लागते. कपड्यात काही नसते, तरी वाजते.

आणि खरे नुकसान यानंतर सुरू होते. यंत्र दर चौथ्या पीसला वाजू लागले की चेकिंगवरचा मुलगा वैतागतो. संध्याकाळी टेम्पो उभा असतो, पार्टीचा फोन येत असतो. मग कोणीतरी सेन्सिटिव्हिटीचे बटण दोन घरे खाली फिरवतो. घंटी थांबते, सगळ्यांना बरे वाटते, माल भराभर पॅक होतो. पण त्या घंटीबरोबर यंत्राचे कानही बंद झालेले असतात, हे कुणाच्या लक्षात येत नाही. ठाणे जिल्ह्यातील एक कारखानदार माझ्याकडून होजिअरीचे ताके नेतात. मागे एका जुलैत त्यांच्याकडे नेमके हेच घडले. लहान मुलींच्या फ्रॉकचा माल होता. पार्टीच्या गोदामात पुन्हा तपासणी झाली तेव्हा एका फ्रॉकच्या कंबरेच्या पट्टीत सुईचे टोक निघाले. पूर्ण लॉट परत आला. पेट्या फोडून प्रत्येक पीस पुन्हा पाहावा लागला, पुन्हा प्रेस, पुन्हा पिशव्या, शिवाय डेबिट नोट. यंत्र बिघडलेले होते का? नाही. त्याच्या आत ओल होती आणि बटण खाली फिरवलेले होते. सुई तिथेच सापडली म्हणून बरे. ती एखाद्या घरात सापडली असती तर नुकसानीचा हिशोब पैशात मांडता आला नसता.

म्हणून माझे स्पष्ट मत असे की, पावसाळ्यात सेन्सिटिव्हिटीच्या बटणाला मालक किंवा जबाबदार सुपरवायझर यांच्याशिवाय कुणीही हात लावू नये. ज्या यंत्राला चावीचे किंवा पासवर्डचे कुलूप आहे, त्याने ते लावावे. ज्याला नाही, त्याने बटणावर चिकटपट्टी लावून सही करावी. ओलीचा इलाज ओल काढूनच करायचा असतो.

ही ओल येते कोठून? छप्पर गळले, खिडकीतून सडा आला, हे तर डोळ्यांना दिसते. न दिसणारी ओल जास्त आहे. पहिली प्रेसच्या टेबलाची. आपल्या कारखान्यांत जागेची टंचाई, त्यामुळे स्टीम प्रेस, त्याच्या बाजूला घडी, त्याच्या बाजूला डिटेक्टर आणि मग पॅकिंग, अशी रांग लागलेली असते. काम सोयीचे होते हे खरे. पण दिवसभर वाफ सोडणाऱ्या प्रेसच्या शेजारी हे यंत्र ठेवणे म्हणजे त्याच्यासाठी बारा महिन्यांचा पावसाळा. निदान सात-आठ फुटांचे अंतर ठेवावे आणि वाफेचा झोत यंत्राकडे न जाता खिडकीकडे जाईल असा पंखा लावावा. नुकताच प्रेस केलेला कपडा गरम व ओलसर असतो, त्याला थोडा वेळ हवा लागू द्यावी, मग तपासावा. घाईने पिशवीत भरलेल्या ओलसर कपड्याला पुढे बुरशीचा वास येतो तो वेगळाच.

दुसरी ओल आपल्याच मालातून येते. सुती धाग्यात सर्वसाधारण हवेतही साडेआठ टक्क्यांच्या आसपास पाणी धरलेले असते. सुताच्या खरेदी-विक्रीत हा हिशोब जुन्या व्यापाऱ्यांना चांगला ठाऊक आहे. पॉलिस्टरमध्ये हेच प्रमाण अर्ध्या टक्क्याहून कमी. पावसाळी हवेत सुताचे प्रमाण आणखी चढते. कारखान्यात उडणारा कापसाचा तूस यंत्राच्या जाळीतून आत शिरतो आणि बोर्डावर गादीसारखा पसरतो. कोरडा असेल तोवर विशेष त्रास नाही. पावसाळ्यात तो हवेतील ओलावा पितो आणि ओल्या फडक्यासारखा बोर्डाला चिकटून राहतो. म्हणून मे महिन्याच्या अखेरीस, पाऊस येण्याआधी, मिस्त्रीला बोलावून यंत्र उघडून साफ करून घ्यावे. तोंडाने फुंकर मारू नये, तिच्यातही ओल असते. मऊ कोरडा ब्रश आणि व्हॅक्यूम पुरेसा आहे. शिलाई मशीनचे तेल किंवा रॉकेल बोर्डाला लावण्याचा शहाणपणा काही जण करतात. त्याने गंज थांबत नाही, उलट तूस अधिक चिकटतो.

समुद्रकाठच्या बांधवांसाठी आणखी एक गोष्ट. खाऱ्या हवेतील मीठ धुळीबरोबर यंत्रात बसते. हवेतील आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच पाणी ओढून विरघळते. घरातील मिठाची बरणी पावसाळ्यात कशी पाझरते ते आपण पाहतोच. बोर्डावरही तेच होते, मग बाहेर पाऊस असो वा नसो.

एअरकंडिशनचा फटका मात्र बहुतेकांना माहीत नाही. समजा ऑफिसात २२ अंश थंडावा आहे आणि हातातला डिटेक्टर रात्रभर तिथे ठेवला. बाहेर ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता आहे. अशा हवेतील पाणी २६ अंशांच्या सुमारास दवासारखे जमू लागते. २२ अंशांचा थंड डिटेक्टर या हवेत आणला की बर्फाच्या पाण्याच्या ग्लासावर येते तसे पाणी त्याच्यावर येते, आणि जाळी किंवा फट असेल तर आतही येते. पावसाचा थेंब लागला नाही तरी यंत्र भिजले! यावर उपाय सोपा आहे. थंड खोलीतच यंत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधावे, बाहेर आणून अर्धा-पाऊण तास तसेच ठेवावे आणि मग पिशवी सोडावी. दव पिशवीवर जमते, यंत्र कोरडे राहते.

पण याच पिशवीचा उलटा उपयोगही लोक करतात. संध्याकाळी काम संपले की दमट हवेतले यंत्र प्लास्टिकमध्ये गच्च गुंडाळून ठेवतात आणि खबरदारी घेतली असे समजतात. आत अडकलेली ओल मग रात्रभर आतच राहते. वाहतुकीत प्लास्टिक ठीक आहे. ठेवणीसाठी सुती कापडाचे झाकण बरे, किंवा घट्ट झाकणाचा डबा आणि त्यात सिलिका जेल. सिलिका जेल स्वतःच्या वजनाच्या साधारण एक तृतीयांश पाणी ओढू शकते, पण डबा घट्ट बंद असेल तरच ते यंत्राच्या कामी येते. उघड्या कपाटात पुडी टाकली तर ती साऱ्या मुंबईची हवा सुकवायला बसते आणि लवकरच भरून जाते. निळे दाणे गुलाबी झाले की भरले असे समजावे. ते पसरट भांड्यात घालून ११०-१२० अंशांवर दोनेक तास तापवले की पुन्हा कामाला येतात. निळ्या दाण्यांत कोबाल्टचे क्षार असतात व ते आरोग्याला घातक आहेत, म्हणून स्वयंपाकाचे भांडे त्यासाठी वापरू नये. रंग नारिंगीवरून हिरवा होणारे दाणेही मिळतात, त्यांत कोबाल्ट नसते.

टेबलावरचा किंवा पट्ट्याचा डिटेक्टर डब्यात मावत नाही. त्याला जुनी युक्ती चालते, ती म्हणजे ऊब. हवा तापली की तिची आर्द्रता उतरते. २८ अंशांवरची ९० टक्के आर्द्रतेची हवा ३३ अंशांपर्यंत तापवली तर तीच आर्द्रता सुमारे ६८ टक्क्यांवर येते. बंद कपाटात १५ वॅटचा जुन्या पद्धतीचा, तारेचा बल्ब लावून ठेवत असत त्यामागे हेच गणित होते. एलईडी बल्बने हे काम होत नाही, कारण तो पुरेसा तापत नाही. बल्ब लावायचा तर कापड, पुठ्ठा व प्लास्टिक त्यापासून दूर ठेवावे. कपड्याच्या गोदामात आगीशी खेळ नको. ज्यांना परवडते त्यांनी हवेतील ओल शोषणारे डीह्युमिडिफायर घ्यावे, ते सर्वांत उत्तम. ज्या यंत्राच्या पुस्तिकेत परवानगी आहे ते दिवसभर चालू ठेवावे, आतली ऊबच ओल दूर ठेवते. महिनाभर बंद पडलेले यंत्र जास्त लवकर बिघडते.

जागा निवडताना भिंतीला यंत्र टेकवू नये, एक वीतभर मोकळी हवा ठेवावी. तळमजल्यावर कारखाना असेल तर यंत्र निदान अडीच-तीन फूट उंचावर घ्यावे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा तळमजल्यांवरील किती शिलाई मशीनी पाण्याखाली गेल्या, हे मुंबई-ठाण्याच्या कारागिरांना सांगायला नको. यंत्राच्या आसपासच्या लोखंडी टेबलाकडे आणि रॅककडेही लक्ष असावे. पावसाळ्यात त्यांचा खपला सुटतो, त्यातला लोखंडाचा कण कापडात जातो, यंत्र वाजते आणि आपण यंत्राला दोष देतो. इथे यंत्राने आपले काम चोख केलेले असते! असे टेबल घासून रंगवून घ्यावे.

हातातल्या डिटेक्टरची दुखणी थोडी वेगळी. त्यातला सेल हा पहिला शत्रू. महिनाभर वापर नसेल तर सेल काढून ठेवावा. अल्कलाइन सेल पाझरला की पांढरी खपली धरते, ती क्षारयुक्त असते. कापसाचा बोळा लिंबाच्या रसात किंवा सिरक्यात किंचित बुडवून फक्त पत्र्याच्या टोकांवरून फिरवावा, नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळवावे. मोबाइल दुरुस्तीचे सामान विकणाऱ्यांकडे ते आयपीए या नावाने मिळते. घामाच्या हातांनी दिवसभर धरलेला डिटेक्टर संध्याकाळी कोरड्या फडक्याने पुसून ठेवणे, एवढे तर शिकाऊ मुलालाही सांगता येते.

एका कारखान्यातून दुसऱ्या कारखान्यात डिटेक्टर नेणारे, किंवा चिंधीच्या उघड्या गोदामात तो वापरणारे बांधव असतील, त्यांनी विकत घेतानाच आयपी अक्षरांपुढचा आकडा वाचावा. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. आयपी ५४ म्हणजे शिंतोडे सहन होतात, त्याहून जास्त नाही. ६५ म्हणजे नळीची धार सहन होते. ६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडाले तरी आत पाणी जाऊ नये. दुकानदार “वॉटरप्रूफ आहे” म्हणाला तर कोणता भाग वॉटरप्रूफ, हेही विचारून घ्यावे. जमिनीतील धातू शोधणाऱ्या कित्येक यंत्रांत खालची गोल कॉइल पाण्यात बुडवता येते, पण वर हाताजवळचा सर्किटचा डबा साध्या सरीनेही भिजून बंद पडतो. शिवाय हा आकडा नव्या यंत्राचा असतो. रबराची पट्टी कडक झाली, स्क्रू सैल राहिला किंवा मिस्त्रीने एकदा उघडले की तो भरवसा धरता येत नाही.

इतके करूनही यंत्र भिजलेच तर पहिले काम, मुख्य वीज बंद करून प्लग काढणे आणि सेल बाहेर काढणे. “चालू होते का ते बघू” म्हणून बटण दाबण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. नुसत्या पाण्याने जेवढे यंत्र मरत नाही तेवढे पाण्यात वीज सोडल्याने मरते. वरचे पाणी टिपून झाकण उघडावे आणि पंख्याच्या वाऱ्यात दोन-तीन दिवस वाळू द्यावे. हेअर ड्रायरची गरम हवा, प्रेसची ऊब किंवा कडक ऊन देऊ नये, प्लास्टिक वाकते आणि कॉइल जागची हलली तर यंत्राचा तोलच जातो. तांदळाच्या डब्यात पुरून ठेवण्याचा उपाय घरोघरी सांगतात. तांदूळ उघड्या हवेपेक्षा फारसे जास्त पाणी ओढत नाही, वर त्याचे पीठ आत जाते. तांदूळ खायलाच ठेवावा. पुराचे किंवा गटाराचे पाणी शिरले असेल तर नुसते वाळवून भागत नाही, त्यातील मीठ व घाण मागे राहते आणि तांब्यावर हिरवट गंज चढतो. असे यंत्र जाणकार मिस्त्रीकडूनच धुऊन घ्यावे. वॉरंटीच्या भरवशावर राहू नये, पाणी शिरलेल्या यंत्राला ती साधारणपणे लागू होत नाही.

आता चाचणी. यंत्राबरोबर प्लास्टिकचे टेस्ट कार्ड येते, त्यात ठरावीक जाडीची पोलादी गोळी असते. १.० किंवा १.२ मिलिमीटरची गोळी सर्रास वापरतात, आपल्या पार्टीने जी सांगितली असेल ती घ्यावी. पट्ट्याच्या यंत्रात हे कार्ड डावीकडे, मध्ये, उजवीकडे, आणि प्रत्येक ठिकाणी खाली, मध्ये व वर, असे नऊ जागी फिरवून पाहावे. सर्व जागी यंत्राची पकड सारखी नसते, म्हणून एकाच जागी वाजले की झाले असे समजू नये. कार्डाला तडा गेला असेल तर ते बदलावे, आत ओल जाऊन गोळीच गंजली तर चाचणीला अर्थ उरत नाही. एरवी दिवसातून दोनदा चाचणी करत असाल तर पावसाळ्यात दर दोन तासांनी करावी आणि वेळ घालून वहीत लिहावी.

वहीचा उपयोग असा. दुपारी बाराच्या चाचणीत यंत्र पास झाले आणि दोनच्या चाचणीत नापास झाले, तर मधल्या दोन तासांचा माल तपासलेलाच नाही असे धरायचे. तेवढ्या पेट्या बाजूला काढायच्या, यंत्र कोरडे करून पुन्हा नऊ जागी पास करायचे आणि मगच ते पीस पुन्हा पट्ट्यावर घालायचे. वही नसेल तर आठवडाभराचा माल उघडावा लागतो.